मनोऱ्याची वाट व वाऱ्याची वर्दी

आमच्या देशीं हस्ताचा पाऊस सरला कीं छत्र्या माळ्यावर जातात. चित्रा-स्वातीच्या दोन सरी आल्या तर आल्या. पण कार्तिकांत पाऊस पडूं लागला म्हणजे आपण त्यास ‘अवकाळी’ म्हणतों, आणि एकदां पंचांगाकडे व एकदां आभाळाकडे रागानें पाहतों. कावेरीच्या कांठानें पूर्वसमुद्राकडे उतरूं लागलें म्हणजे मात्र हें सारें कालमान उलटें होतें. आपल्याकडे ज्या नैर्ऋत्येच्या वाऱ्यांनीं ओढे भरतात, ते आपलें बहुतेक पाणी सह्याद्रीवर सांडून तेथें जवळजवळ रित्या हातांनीं पोहोंचतात. तेथील खरा वर्षाकाल आश्विन उतरतां उतरतां, ईशान्येचा वारा सुरू झाल्यावर. तमिळ देशास वर्षाच्या पावसापैकीं निम्म्याच्या जवळपास, आणि किनाऱ्याच्या जिल्ह्यांस तर साठ टक्क्यांच्या आसपास पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीनच महिन्यांत मिळतो. झड लागून राहिली कीं तिला ते लोक ‘अडैमळै’ म्हणतात. सांबा भाताचीं शेतें त्या वेळीं पाण्यांत उभीं असतात, शेतकरी त्या पावसाकडे डोळे लावून बसलेला असतो, आणि त्याच पावसाच्या पाठोपाठ बंगालच्या उपसागरांतून वादळही येतें. ज्याची वाट पाहावयाची त्याचीच धास्तीही बाळगावयाची, असा तेथील हिंवाळा आहे.

इ. स. २०१८ च्या नोव्हेंबरांत आम्ही सपत्नीक तंजावरास गेलों होतों. हेतु तीन. पहिला, सरफोजी राजांनीं वाढविलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह व बृहदीश्वराच्या भिंतीवरील १८०३ सालचा भोसले कुळाचा मराठी शिलालेख डोळ्यांनीं पाहणें. दुसरा, तुलामासांतील कावेरीस्नान. आणि त्याही महिन्याचा शेवटचा दिवस मायवरम् येथें साधणें, ही आमच्या घरच्या मंडळींची फार दिवसांची इच्छा. तिसरा हेतु आमचा एकट्याचा. पट्टुकोट्टैच्या पलीकडे, पाल्कच्या सामुद्रधुनीच्या कांठीं, सरफोजी राजांनीं १८१४-१५ च्या सुमारास आठ मजल्यांचा एक षट्कोनी बुरूज उभारला. नेपोलियनचा पाडाव झाला म्हणून इंग्रज दोस्तांच्या खुषीखातर तो उभारला, ही गोष्ट आम्हांस फारशी भूषणावह वाटत नाहीं; पण त्या तमिळ किनाऱ्यावरचे कोळी त्या बुरुजास आजतागायत ‘मनोरा’ म्हणतात, तें ऐकून आमचा जीव तेथें ओढ घेत होता. मराठी राज्य १८५५ त खालसा झालें. शब्द तेवढा समुद्रकांठीं उभा राहिला.

आमचे यजमान तंजावरच्या जुन्या देशस्थ घराण्यांतले, आमच्यासारखेच सेवानिवृत्त. घरांत त्यांच्या ८४ वर्षांच्या मातोश्री, दोन मुलगे, सुना, नातवंडें. वांग्याची रसवांगी, रसम् आणि आमच्याकरितां मुद्दाम केलेलें पिठलें एकाच पंक्तीस वाढलें जाई. बेत असा ठरला कीं, १५ तारखेस दुपारीं भाड्याची मोटार करून निघावें, रात्रीं पट्टुकोट्टैस मुक्काम करावा, १६ तारखेचा सूर्योदय मनोऱ्यापाशीं पाहावा आणि तेथून परस्पर मायवरम् गांठावें. मोटारवाला पट्टुकोट्टैकडचाच एक तरुण होता. त्यास आम्हीं पांचशें रुपये विसारही दिला.

त्याच सुमारास उपसागरांत वादळ झालें. ११ तारखेस त्यास नांव मिळालें, ‘गज’. इकडील समुद्रांतल्या वादळांस नांवें देण्याची चाल २००४ पासूनची. शेजारचीं राष्ट्रें आपापलीं नांवें आधींच सुचवून ठेवतात आणि तीं क्रमानें वापरलीं जातात. हें नांव लंकेनें सुचविलेलें. संस्कृतज्ञास तेवढेंच निमित्त पुरे! मत्तगज, दिग्गज, गजेंद्रमोक्ष अशी आमची चौफेर कोटी चालू झाली, आणि यजमानांच्या नातवंडांनीं ती सभ्यपणानें ऐकून घेतली.

प्रथम वर्दी आली ती अशी कीं, वादळ चेन्नईच्या बाजूस, उत्तरेकडील किनाऱ्यावर जाईल. दोन दिवसांनीं कळलें कीं नाहीं, तें दक्षिणेकडे वळत आहे. कडलूर आणि पांबन् यांच्या दरम्यान कोठें तरी चढेल. आधीं पंधरा तारखेची सकाळ सांगितली होती, ती पुढें सरकत सरकत रात्रीवर गेली. यजमानांचा धाकटा मुलगा हातांतल्या फोनवरील नकाशा दाखवी. त्यावर वादळाची वाट एका रेषेनें नव्हे तर पुढें रुंद होत जाणाऱ्या सुपासारखी काढलेली असे. आम्हीं म्हटलें, “सुपाएवढ्या जागेंत कोठेंही पडेल असें सांगावयास शास्त्र कशाला पाहिजे?”

शिवाय आमच्याजवळ आमचें शास्त्र होतेंच. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत मेघांच्या गर्भधारणेचे अध्याय आहेत आणि तात्काळ येणाऱ्या पावसाचीं लक्षणेंही सांगितलीं आहेत. त्यांत मुंग्यांनीं अंडीं उचलून नेणें हें एक. चवदा तारखेस सकाळीं आम्ही परसांत गेलों, मुंग्यांची रांग पाहिली, आणि एकीच्याही तोंडांत अंडें नाहीं असें येऊन ओटीवर जाहीर केलें. आकाश निरभ्र होतें. वारा पडलेला होता. तापलेल्या दुपारीं नारळीचें पानही हालत नव्हतें. अशा दिवशीं तांबड्या रंगाची वर्दी पाहून हंसूं येणें स्वाभाविक आहे, असें आम्हांस त्या दिवशीं वाटलें.

आतां ही वर्दी देण्याची विद्या कोठून आली, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कारण तिचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. वादळांतील वारा सरळ धांवत नाहीं, वेटोळें घालून फिरतो, हें ओळखून कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टननें १८४८ साली त्यास ‘सायक्लोन’ हें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा रोख सापाच्या वेटोळ्याकडे. पुढें ऑक्टोबर १८६४ त खुद्द कलकत्त्यावर असें वादळ आलें कीं नदींतील गलबतें जमिनीवर येऊन पडलीं व माणसें हजारोंनीं मेलीं. त्याच्या दुसऱ्या वर्षीं त्या बंदरास वर्दी देण्याची व्यवस्था झाली, आणि १८७५ त हिंदुस्थानचें हवामान खातें निघालें. १९२८ त त्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यास आली. ती १९४४ त दिल्लीस गेली, तरी पुणेंकर त्या इमारतीस अद्याप ‘सिमला ऑफिस’ असेंच म्हणतात. किनाऱ्यावरील बंदरांतून १ पासून ११ पर्यंत आंकड्यांचे इशारे आहेत: दिवसा शंकु व नळकांडें यांच्या आकाराच्या खुणा उंच डोलकाठीवर चढवितात, रात्रीं तांबडे व पांढरे दिवे. आंकडा वाढतो तसा धोका वाढतो. पण शेवटचा, अकरावा इशारा निराळाच आहे. वर्दी देणाऱ्या कचेरीशीं दळणवळण तुटलें आहे, असा त्याचा अर्थ. पुढें काय येतें आहे तें सांगणारेंच कोणी उरलें नाहीं, ही सर्वांत शेवटची सूचना! कोणा व्यवहारी दर्यावर्दी माणसानें तो क्रम लाविला असावा. परंतु आम्हांस तो एखाद्या उपनिषदांत शोभला असता असें वाटलें.

सुपासारख्या नकाशाचेंही मर्म आम्हांस पुढें समजलें. वादळास स्वतःचे पाय नसतात. ओढ्यांतला भोंवरा जसा प्रवाहाबरोबर वाहत जातो, तसें त्यास वरच्या थरांतले वारे ढकलीत नेतात. ते वारे मंदावले कीं तें रेंगाळतें, त्यांनीं कूस बदलली कीं तें वळतें. म्हणून तीन दिवस आधीं नुसती सावध राहण्याची सूचना, ४८ तास आधीं इशारा, २४ तास आधीं पक्की वर्दी, आणि शेवटच्या १२ तासांत जमिनीवर चढल्यानंतर काय होईल त्याचें अनुमान, अशा पायऱ्या ठेविल्या आहेत. पायरीगणिक किनारा अरुंद होत येतो. जो पहिल्या पायरीवरच नेमकें गांव विचारतो, त्यास उत्तर मिळत नाहीं. आणि जो नेमकें गांव कळेपर्यंत थांबतो, त्यास निघावयास वाट राहत नाहीं.

हें सारें आम्ही आज लिहितों. चवदा तारखेच्या संध्याकाळीं आम्ही ओटीवर बसून यजमानांशीं वाद घालीत होतों. ते म्हणाले, “मास्तर, मनोरा दोनशें वर्षें उभा आहे, आणखी आठ दिवस उभा राहील. उद्यां निघूं नका.” आम्हीं म्हटलें, तुलामास संपतो आहे, तो आठ दिवस थांबणार नाहीं, दुपारीं निघालों तर रात्रीं सुखरूप पट्टुकोट्टैस पोहोंचूं, पक्क्या इमारतींत उतरूं, वादळ नागपट्टणकडे गेलें तर आपलें काय जातें? ते गप्प राहिले. अतिथीस किती अडवावें याला मर्यादा असते.

तेवढ्यांत मातोश्री आंतून आल्या आणि खांबाला टेंकून बसल्या. त्यांच्या तंजावरी मराठीचा जुना, तमिळ हेलाचा ठसका आम्हांस लेखणींत उतरवितां येत नाहीं; त्यांनीं सांगितलें तें असें.

त्यांचें सासर नागपट्टणचें. १९५२ त त्या १८ वर्षांच्या, लग्न होऊन वर्षही झालें नव्हतें. सासरे बंदराच्या कचेरींत कारकून. नोव्हेंबरच्या अखेरीस एके दिवशीं ते लौकर घरीं आले आणि म्हणाले, तार आली आहे, काठीवर मोठ्या धोक्याचे दिवे चढले, संध्याकाळच्या गाडीनें बायकामुलांना तंजावरास पाठवावें. सामान बांधलें. मग सासूबाईंनीं आठवण केली कीं परवां थोरल्या मामंजींचें श्राद्ध. ब्राह्मणांस आमंत्रणें गेलीं आहेत. घरच्या सुना गेल्यावर स्वयंपाक कोणी करावयाचा? सासरे म्हणाले, दिवे यापूर्वींही दोनदां चढले होते, कांहीं झालें नव्हतें. बांधलेलें सामान सोडलें. संध्याकाळची गाडी गेली ती त्यांनीं घरांतून ऐकली. ३० तारखेस वादळ नागपट्टणवर आलें. गोठ्याची भिंत पडली तेव्हां धाकटे दीर गाय सोडावयास आंत गेलेले होते. त्यांचें वय १४.

“श्राद्ध राहिलेंच,” मातोश्री म्हणाल्या. “पुढच्या वर्षीं त्या घरांत दोन झालीं.”

एवढें बोलून त्या उठल्या आणि देवापुढचा दिवा पाहावयास आंत गेल्या. आम्हांस उपदेश एका शब्दाचा केला नाहीं. आम्हीं ‘बरें, नाहीं जात’ असें म्हटलें असें वाचकांस वाटेल; तसें म्हणण्याइतका मोकळेपणा आमच्यांत त्या वेळीं नव्हता. आम्ही बोटांवर कांहीं तरी मोजीत बसलों. यजमानांनीं आमच्या तोंडाकडे पाहिलें, फोन उचलला, आणि मोटारवाल्यास तमिळमध्यें सांगून टाकलें कीं उद्यांची फेरी रद्द, विसार तुझ्याजवळच राहूं दे. त्या रात्रीं आम्ही पोटभर जेवलों नाहीं, हेंही लिहून ठेवितों.

पंधरा तारखेस शाळांना सुटी होती. कोळ्यांनीं दर्यांत जाऊं नये अशी मनाई तर त्याआधींच झालेली. यजमानांच्या मुलांनीं गच्चीवरच्या टाकीचें झांकण दोरीनें बांधलें, विहिरीचें पाणी हंड्याकळशांतून भरून ठेवलें, नारळीचे लोंबते झांप व नारळ उतरविले. किनाऱ्याच्या जिल्ह्यांतून सरकारनें पाऊण लाखाहून अधिक माणसें निवाऱ्याच्या जागीं हलविलीं, असें मागाहून प्रसिद्ध झालें. दिवेलागणीस पाऊस आला. मध्यरात्र उलटली आणि वादळ नागपट्टण व वेदारण्यम् यांच्या मध्यें जमिनीवर चढलें. तंजावर समुद्रापासून बरेंच आंत. तरी पहाटेस वारा असा सुटला कीं दाराच्या अडणीला यजमानांचे दोन्ही मुलगे पाठ लावून बसले. वारा वाजतो असें आपण म्हणतों, पण तो आवाज वाऱ्याचा म्हणून ओळखूंच येत नव्हता. घाटांत उतारावरून येणाऱ्या जड मालगाडीसारखा, न थांबणारा. मातोश्री तेवढ्या जप करीत स्वस्थ होत्या. उजाडल्यावर परसांत पाहिलें तों पांचांपैकीं तीन नारळी आडव्या, आणि मुंग्यांचें वारूळ पाण्याखालीं.

मायवरम् राहिलें. घरच्या मंडळींनीं विहिरीच्या पाण्यांत कावेरीचें आवाहन करून स्नान केलें आणि आमच्याकडे पाहिलेंही नाहीं.

पांचव्या दिवशीं रस्ते मोकळे झाले तेव्हां तोच मोटारवाला आपण होऊन आला. वाटेवर जें पाहिलें त्याचें वर्णन करणें कठीण. कावेरीचें पाणी कल्लणैपाशीं फांटत फांटत ज्या सपाट प्रदेशांत पसरतें, त्याच्या दक्षिणेकडील या भागास मेट्टूरचें धरण १९३४ त पुरें झाल्यानंतर कालव्याचें पाणी मिळूं लागलें, आणि पुढें येथें नारळीच्या बागा दाट झाल्या. त्या बागा आतां जमिनीवर निजल्या होत्या. नारळ धरावयास सहा-सात वर्षें लागतात आणि मग तो दोन पिढ्या पोसतो. एका रात्रींत लाखों झाडें गेलीं. विजेचे खांब वांकून शेतांत पडलेले. ठिकठिकाणीं बायकामाणसें रिकामे हंडे रस्त्यावर मांडून बसलीं होतीं; तांदूळ नाहीं, दिवा नाहीं, छपरास ताडपत्री नाहीं, अशी त्यांची तक्रार, आणि ती खोटी नव्हती. वर्दी वेळेवर पोहोंचली होती. मदत तितक्या वेळेवर पोहोंचली नव्हती. त्याच्या उलट प्रकार चेन्नईस डिसेंबर २०१५ त झाला होता. तेथें आपत्ति वाऱ्याची नव्हे, पाण्याची: चेंबरंबाक्कम् तलावाचें पाणी अडयार नदींत सोडलें, आणि सखल भागांतल्या पुष्कळ घरांस त्याची वर्दी पाणी उंबऱ्याशीं आल्यावरच मिळाली.

एके ठिकाणीं आम्हीं गाडी थांबविली. बागेंतली अर्धीं झाडें दक्षिणेकडे डोकीं करून पडलेलीं, अर्धीं उत्तरेकडे. मोटारवाल्यानें मोडक्या हिंदींत व हातवाऱ्यांनीं समजाविलें. त्याचें गांव तेथून दोन कोसांवर. रात्रीं आधीं वारा उत्तरेकडून आला. मग पहाटेपूर्वीं एकाएकीं सर्व शांत. वादळाचा डोळा माथ्यावर आला म्हणजे असें होतें; वेटोळ्याचा मध्य पोकळ असतो. गांवचे लोक सरकारी शाळेंत निवाऱ्यास होते; वादळ गेलें असें समजून ते घरें पाहावयास निघाले. तेव्हां शाळेचे मास्तर दारांत आडवे हात लावून उभे राहिले आणि कोणालाही बाहेर सोडीनात. शिव्या खाल्ल्या, पण दार सोडलें नाहीं. अर्ध्या घटकेनंतर दक्षिणेकडून वारा उलटला. उत्तरेच्या वाऱ्यास ज्या भिंती टिकल्या होत्या, त्या दक्षिणेच्या वाऱ्यानें पडल्या.

“तुझें घर?” आम्हीं विचारलें.

त्यानें वाटेवरून थोडें आंत नेऊन दाखविलें. मातीचा चौथरा, त्यावर आंतल्या बाजूस पडलेली भिंत, तिच्याखालीं एका बाजेचे दोन पाय. ती बाज त्याच्या आईची. आई घर सोडीना, म्हणून पंधरा तारखेस दुपारीं त्यानें तिला पाठुंगळीस मारून शाळेंत नेलें होतें. बायको व लहान मुलगी तर पुढें गेल्याच होत्या. पण म्हातारी दुसऱ्या कोणास ऐकली नसती, असें तो म्हणाला. चवदा तारखेस फेरी रद्द झाल्याचा फोन आला तेव्हां त्यास फार वाईट वाटलें होतें. दोन दिवसांचें भाडें बुडालें.

पंधरा तारखेची ती दुपार आम्हीं त्याच्याकडून भाड्यानें घेतली होती. तें त्यास बोलून दाखविण्याइतकी तमिळ आम्हांस येत नव्हती, आणि येत असती तरी बोललों असतों असें नाहीं.

मनोऱ्यापाशीं पोहोंचलों तेव्हां दुपार झाली होती. मल्लिपट्टणच्या कांठावर होड्या एकमेकींवर चढून फुटलेल्या, जाळीं काटेरी झुडपांत अडकलेलीं. समुद्र मात्र ताटांतल्या तेलासारखा निपचित. बुरूज उभाच होता. आम्ही भिंतीस हात लावून त्याचे कोन मोजले, सहाच आहेत. वरच्या मजल्यांकडे तोंड करून पाहत होतों, तों खालून हांक आली. मोटारवाला फोन उंच धरून उभा होता. “सार, पुन्हां पाऊस सांगितला आहे. छपरावर ताडपत्री बांधावयाची आहे.”

आम्हीं मुंग्या पाहिल्या नाहींत. ताडपत्री गाडीच्या मागच्या खणांत होती. तिची एक बाजू धरावयास दुसरें माणूस लागतें, तें आम्हीं धरलें. बांधून होईतों दिवेलागण झाली, आणि पहिले थेंब आले.